किनाऱ्यावरून सकाळी निघा, संध्याकाळी परत या: एका दिवसात आंबोली कशी करायची?

जुलै महिना आहे. मालवण किंवा वेंगुर्ल्यात तुमच्या दोन-तीन सुट्ट्या शिल्लक आहेत. समुद्र खवळलेला, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी, त्यामुळे ताटातला ताजा मासाही कमी झालेला. मग करायचं काय?

सिंधुदुर्गातल्या कुणालाही विचारलंत तर उत्तर एकच मिळेल. आंबोलीक जावा.

सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. कारण दरवर्षी पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हजारो जण हाच सल्ला ऐकून सकाळी अकराला निघतात, दुपारी एक वाजता घाटात गाड्यांच्या रांगेत अडकतात, धबधब्याखाली दहा मिनिटं भिजतात आणि अंधारात, धुक्यात गाडी उतरवत परत येतात. रील मिळते, पण आंबोली बघायची राहूनच जाते.

म्हणून समुद्रकिनाऱ्यावर मुक्काम असताना एका दिवसात आंबोली नीट कशी बघायची, तिथे बघण्यासारखं नेमकं काय आहे आणि कुठे जपून राहायचं, ते सविस्तर पाहूया.

आधी थोडक्यात

- कुठे: सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी तालुका
- उंची: समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर
- पाऊस: वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या वर
- सावंतवाडीहून अंतर: सुमारे ३० किलोमीटर
- वेंगुर्ल्याहून: ६० किलोमीटरच्या आत
- मालवणहून: कुडाळमार्गे सुमारे ८० किलोमीटर
- पणजीहून: सुमारे ९० किलोमीटर
- लागणारा वेळ: येऊन-जाऊन पूर्ण एक दिवस. सकाळी सहाला निघायचं आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा.

आंबोली नेमकी आहे कुठे?

कोकणचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला अरबी समुद्र, मधे चिंचोळी किनारपट्टी आणि पूर्वेला भिंतीसारखा उभा सह्याद्री. ही भिंत सावंतवाडीच्या पूर्वेला जिथे संपते, म्हणजे जिथे घाट चढून आपण पठारावर येतो, अगदी तिथल्या काठावर आंबोली आहे. समुद्रापासून सरळ रेषेत मोजलं तर अंतर चाळीस-एक किलोमीटर. पण या चाळीस किलोमीटरमध्ये माडाच्या बागा संपतात, काजू-आंब्याचे डोंगर मागे पडतात आणि सदाहरित जंगल सुरू होतं.

गावातून पुढे एक रस्ता आजरा-गडहिंग्लजकडे जातो आणि दुसरा बेळगावकडे. म्हणजे कोकण, कोल्हापूर आणि कर्नाटक या तिन्हींच्या वाटेवरचं हे गाव. म्हणूनच रविवारी धबधब्याजवळ एमएच शून्य सात, एमएच शून्य नऊ, केए बावीस आणि गोव्याच्या जीए पाट्या एकाच रांगेत उभ्या दिसतात.

हे 'हिल स्टेशन' झालं कसं?

याचं उत्तर समुद्रावर आहे. वेंगुर्ला हे जुनं व्यापारी बंदर. १७ व्या शतकात डच लोकांनी तिथे वखार बांधली. तिचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत. १८१२ मध्ये वेंगुर्ला सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे गेलं. पुढे पेशवाई संपल्यावर बेळगावात इंग्रजांची मोठी छावणी झाली. छावणीला रसद लागते आणि रसद बंदरावर उतरते. त्यामुळे वेंगुर्ला बंदर ते बेळगाव असा पक्का रस्ता घाटातून काढला गेला. त्या वाटेवर घाट चढून आल्यावर दम खायचा टप्पा म्हणजे आंबोली.

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे इंग्रज पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी या टप्प्याचं थंड हवेचं ठिकाण करायचा प्रयत्न केला. उन्हाळ्यात किनाऱ्यावरचा उकाडा नकोसा झाला की साहेब लोक वर येऊन राहू लागले. पण १८८० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातलं मुरगाव बंदर रेल्वेने घाटावर जोडलं गेलं, माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याचं महत्त्व ओसरलं. बंदराबरोबर आंबोलीही मागे पडली. महाबळेश्वर किंवा माथेरानसारखी ती फुगली नाही, याचं एक मोठं कारण हे. आज तिथे जे जंगल शिल्लक दिसतं, त्यात या मागे पडण्याचाही वाटा आहे.

इतका पाऊस आंबोलीतच का?

आकड्याने सांगायचं तर पुण्यात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. वेंगुर्ला-मालवणच्या किनाऱ्यावर साधारण ३,००० मिलिमीटर. आणि आंबोलीत ७,००० च्या वर. म्हणजे पुण्याचा जवळजवळ दहापट, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

कारण सोपं आहे. नैऋत्येकडून येणारे मोसमी वारे समुद्रावरून भरपूर बाष्प घेऊन येतात. वाटेत सह्याद्रीची भिंत येते. वाऱ्याला पलीकडे जायला दुसरा रस्ता नसतो, म्हणून तो वर चढतो. हवा वर गेली की थंड होते आणि थंड हवेत बाष्प कमी मावतं. उरलेलं पाणी ढग होऊन तिथेच कोसळतं. आंबोली बरोबर या भिंतीच्या काठावर असल्यामुळे पहिला आणि सगळ्यात जोरदार मारा तिच्यावर होतो. तिथून पूर्वेला आजरा, गडहिंग्लज असे जसजसे पुढे जाल तसतसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो.

वर गारवा का वाटतो तेही यातच आलं. साधारणपणे दर १०० मीटर उंचीला तापमान अर्धा-पाऊण अंशाने उतरतं. त्यामुळे किनाऱ्यापेक्षा आंबोलीत चार-एक अंश थंड. आणि ज्याला आपण तिथे 'धुकं' म्हणतो, ते पावसाळ्यात खरं तर जमिनीला टेकलेले ढगच असतात. म्हणून ते सूर्य वर आला तरी हटत नाही. दुपारी दोनलाही गाडीचे दिवे लावावे लागतात.

जायचं कसं?

*स्वतःच्या गाडीने.* वेंगुर्ला किंवा मालवणहून आधी सावंतवाडी गाठायची. तिथून दाणोलीमार्गे घाट. दाणोली हे घाटाच्या पायथ्याचं गाव, साटम महाराजांच्या समाधिस्थानामुळे प्रसिद्ध. गोव्याहून येणाऱ्यांना सावंतवाडी शहरात शिरायची गरज नाही, बांद्याहून थेट दाणोलीला रस्ता येतो. पेट्रोल-डिझेल सावंतवाडी किंवा बांद्यातच भरून घ्या.

*एसटीने.* सावंतवाडी बसस्थानकावरून बेळगाव आणि कोल्हापूरच्या दिशेने जाणाऱ्या बस आंबोलीवरून जातात. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून), ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत (ऑगस्ट २०२२ पासून). सवलत महाराष्ट्राच्या हद्दीत आणि आपल्या एसटीत लागू होते. याच मार्गावर कर्नाटकच्या बसही असतात, त्यात हे तिकीट चालत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा. बसने जाणार असाल तर वर पोचल्यावर सगळ्यात आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घ्या. गावातली ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे वर रिक्षा किंवा स्थानिक गाडी ठरवावी लागते. बसण्याआधी किती ठिकाणं आणि किती पैसे हे दोन्ही ठरवून घ्या.

*रेल्वेने येत असाल तर* कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड किंवा कुडाळ स्थानक सोयीचं. सावंतवाडी रोड स्थानक शहरापासून काही किलोमीटर बाहेर आहे, हे लक्षात ठेवा.

दिवस कसा आखायचा?

वेंगुर्ल्याहून निघताय असं धरून हे वेळापत्रक. मालवण किंवा पणजीहून निघणाऱ्यांनी अर्धा-पाऊण तास आधी निघावं.

- सकाळी ६ : प्रस्थान
- ७ : सावंतवाडीत चहा, पेट्रोल
- ८ : घाटातला मुख्य धबधबा, गर्दी व्हायच्या आत
- सव्वानऊ : गावात नाश्ता, आणि जेवणाची ऑर्डर आत्ताच देऊन ठेवा
- १० : हिरण्यकेशी
- १२ : कावळेसाद
- २ : जेवण
- सव्वातीन : नांगरतास किंवा महादेवगड, दोन्हींपैकी एकच
- साडेचार : चहा घेऊन घाट उतरायला सुरुवात
- साडेपाच-सहा : सावंतवाडी, मोती तलाव, लाकडी खेळण्यांची चितारआळी
- साडेसात : मुक्कामी

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, धबधबा सकाळीच करायचा. दहानंतर तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. दुसरी, जेवण आधी सांगून ठेवायचं. गावातल्या खाणावळी छोट्या आहेत. सांगितल्यावर कोंबडी-वडे किंवा साधं भाकरी-भाजीचं जेवण ताजं करून मिळतं. न सांगता दीडला गेलात तर तासभर थांबावं लागतं आणि मग शेवटी मॅगीवर भागवावं लागतं.

बघायचं काय?

*मुख्य धबधबा.* घाटात रस्त्याला लागूनच आहे. पायऱ्या आहेत, त्यामुळे ट्रेक वगैरे काही नाही. हीच त्याची सोय आणि हीच अडचण. रस्त्यावरच गाड्या थांबतात आणि घाट तुंबतो. इथली माकडं धीट झाली आहेत, कारण लोक त्यांना चिप्स आणि कणसं देतात. खायला देऊ नका. माणसाच्या खाण्याची सवय लागलेली माकडं रस्त्यावर बसून राहतात, गाडीखाली येतात आणि लहान मुलांच्या हातातलं ओढतात.

*हिरण्यकेशी.* एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर हे बघा. गावापासून पाच-एक किलोमीटर. झाडीत एक गुहा, गुहेतून येणारा झरा, त्यावर मंदिर आणि पुढे कुंड. हिरण्यकेशी म्हणजे सोनेरी केसांची. इथे हे पार्वतीचं नाव मानलं जातं.

हाच झरा हिरण्यकेशी नदीचा उगम. आता गंमत बघा. इथून अरबी समुद्र चाळीस-एक किलोमीटरवर, पण ही नदी तिकडे जात नाही. ती पूर्वेला वळते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. म्हणजे सकाळी तुम्ही ज्या घाटात भिजलात, त्या उतारावरचं पाणी संध्याकाळपर्यंत कोकणच्या खाडीकडे निघालेलं असतं आणि दोन तासांनी ज्या कुंडाजवळ उभे राहिलात, तिथलं पाणी अख्खा देश ओलांडायला निघालेलं असतं. मधे आहे फक्त सह्याद्रीचा काठ. पाठ्यपुस्तकात 'जलविभाजक' हा शब्द वाचला असेल. तो डोळ्यांनी बघायचा तर इथे.

या कुंडाचं आणखी एक महत्त्व आहे. इथे सापडलेल्या एका छोट्या माशाचं वर्णन २०२० मध्ये तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. त्यानंतर २०२१ मध्ये राज्य सरकारने मंदिर परिसरातलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. एका माशासाठी अख्खी जागा राखली जाते, कारण त्याचं घर तेवढंच आहे. कुंडात साबण लावून अंघोळ, तेल, निर्माल्य, प्लास्टिकची पिशवी या गोष्टी नदीत कदाचित वाहून जातील, पण बोटभर माशाच्या एवढ्याशा घरात त्या विष ठरतात. दर्शन घ्या, पाणी बघा, पाण्यात काही टाकू नका.

*कावळेसाद.* गेळे गावच्या हद्दीतला कडा, आंबोलीपासून दहा-बारा किलोमीटर. इथला 'उलटा धबधबा' सोशल मीडियावर सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात चमत्कार काही नाही. खालून दरीतून येणारा जोराचा वारा कड्यावर आदळतो, त्याला वरच जावं लागतं आणि जाताना तो पाण्याची बारीक धार उचलून वर फेकतो. म्हणून हे दृश्य रोज दिसत नाही. पाणी बेताचं आणि वारा जोराचा असेल तेव्हाच दिसतं.

आणि नेमका हाच धोका आहे. जो वारा पाणी वर फेकतो तो माणसाचाही तोल घालवू शकतो. पायाखाली शेवाळलेला खडक, समोर ढग, त्यामुळे दरी किती जवळ आहे हेच कळत नाही. या कड्यावरून पडून माणसं गेली आहेत. कठड्याच्या अलीकडूनच बघा. कठड्यावर चढून किंवा पलीकडे जाऊन काढलेल्या फोटोत जास्तीचं काहीच दिसत नाही, मागे पांढरं धुकंच असतं.

*नांगरतास.* बेळगाव रस्त्यावर दहा-एक किलोमीटरवर. पाणी इथे उंचावरून पसरत येत नाही, खडकातल्या अरुंद घळीत घुसतं. आवाज मोठा, तुषार अंगावर. वरून, सुरक्षित जागेवरूनच बघायचं ठिकाण आहे. घळीत उतरायचं नाही.

*महादेवगड, शिरगावकर पॉइंट, सनसेट पॉइंट.* ही सगळी दरी बघायची ठिकाणं. भर पावसात इथे ढगांशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे जुलैत यांच्यावर वेळ घालवू नका. ऑक्टोबरनंतर मात्र स्वच्छ दिवशी खाली पसरलेलं कोकण आणि क्षितिजावर समुद्राची चकाकती रेघ दिसते. सकाळी जिथून निघालात ती जागा वरून बघण्यात एक वेगळीच मजा आहे.

*चौकुळ.* गर्दी नको असणाऱ्यांसाठी. मोकळी माळरानं, सडे आणि शांत गाव. एका दिवसात यासाठी वेळ हवा असेल तर नांगरतास आणि कावळेसादपैकी एक सोडा.

अंधाराच्या आत का उतरायचं?

पहिलं कारण उघड आहे. धुकं, पाऊस, वळणं आणि दरडी. दुसरं कारण फार जणांना माहीत नसतं.

आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर एक छोटा भेक राहतो. तळहातावर सहज मावेल एवढा, कुशीवर वाघासारखे पिवळसर पट्टे. इंग्रजीत त्याला 'आंबोली टोड' म्हणतात आणि शास्त्रीय नावात 'टायग्रीना' आहे ते या पट्ट्यांमुळे. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद केली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या आधीच्या सगळ्यात धोक्याच्या पायरीवर.

या भेकाचं सगळं आयुष्य पहिल्या पावसावर बेतलेलं असतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सड्यावरच्या उथळ डबक्यांत ते जमतात, अंडी घालतात आणि काही दिवसांत हा सोहळा आटोपतो. डबकं पाच-दहा सेंटीमीटर खोल असतं. आपल्याला तो चिखल वाटतो. एखादी गाडी 'ऑफ रोडिंग' म्हणून सड्यावरून फिरली, किंवा दहा जण त्या डबक्यातून चालत गेले, तर एका वर्षाची पिढी तिथे संपते.

पावसाळी रात्री हे भेक, बेडूक, साप आणि खेकडे रस्ते ओलांडतात. ओल्या डांबरावर गाडीच्या चाकाखाली किती येतात, हे सकाळी पायी चाललात की दिसतं. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा जाहीर केलं. महाराष्ट्रातल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार जागा त्यात आहेत, आंबोली नाही. तिला वाचवायचं काम बरंचसं तिथे येणाऱ्यांच्या वागण्यावर सोडलेलं आहे. साडेचारला उतरायला सुरुवात केलीत तर तुम्हीही सुखरूप आणि तेही.

संध्याकाळी गवेही रस्त्यावर येतात. हॉर्न वाजवू नका, दिवे लुकलुकवू नका. थांबा, तो जाईल.

घाटात गाडी चालवताना

- चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. थांबलेली गाडी चढावर पुन्हा उचलणं अवघड असतं.
- उतरताना न्यूट्रल नको. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात.
- धुक्यात लो बीम लावा. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.
- चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय हे कळत नाही.
- वळणावर, किंवा ताज्या मातीचा ढीग दिसतो तिथे गाडी थांबवू नका. वर कडा सुटलेला असू शकतो.
- घाट बंद झाला असेल तर दुसरी वाट शोधत जंगलातल्या रस्त्यांना लागू नका. मागे फिरा.

निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. सिंधुदुर्गाला ऑरेंज अलर्ट असेल तर सहल पुढे ढकला आणि रेड असेल तर विचारच नको. प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर वेळेची मर्यादा किंवा बंदी घालतं, तेही आधी पाहून घ्या.

धबधब्याखाली असताना पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज वाढला, तर सामान आवरत बसू नका. लगेच बाहेर या. वर कुठेतरी जोराचा पाऊस झालेला असतो आणि पाणी वाढायला काही मिनिटंच लागतात. अडचणीत ११२ वर फोन करा, मात्र वर नेटवर्क सगळीकडे मिळत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आधीच ठरवा.

आणि गावाचं काय?

आंबोलीकडे आपण 'स्पॉट' म्हणून बघतो, पण ते लोकांचं राहतं गाव आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत संस्थानकाळापासून 'कबुलायतदार गावकर' नावाची सामाईक जमिनीची पद्धत होती. पुढे या जमिनी कागदोपत्री सरकारच्या नावे लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, राहतं घर, आणि सातबारावर आपलं नाव नाही. ते लागावं म्हणून गावकऱ्यांनी अनेक वर्षं लढा दिला. जमीन नावावर नसली की तिच्यावर कर्ज मिळत नाही, आणि कर्ज नाही म्हणजे घराची खोली वाढवून पाहुणे ठेवणंही कठीण.

म्हणून दोन गोष्टी. पहिली, 'आंबोलीत स्वस्तात प्लॉट' अशी जाहिरात दिसली तर कागद वकिलाकडून तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. दुसरी, एका दिवसाच्या पाहुण्याचा गावाला फायदा व्हायचा तर जेवण, चहा, कणीस, गाडी हे सगळं तिथलंच घ्या. किनाऱ्यावरून डबा, पाण्याच्या बाटल्या आणि चिप्स नेऊन फक्त रिकामी पाकिटं वर ठेवून आलात, तर गावाच्या वाट्याला फक्त कचरा उचलणं येतं.

कधी जावं?

- *जून:* पहिल्या पावसाची हिरवाई, धबधबे सुरू होत असतात, गर्दी कमी. भेकांचे दिवस, सड्यावर पाय जपून.
- *जुलै-ऑगस्ट:* धबधबे पूर्ण भरात, पाऊस आणि गर्दीही. शक्यतो सोमवार ते गुरुवारच.
- *सप्टेंबर-ऑक्टोबर:* पाणी आहे, ऊन-सावली आहे, सड्यांवर फुलं आहेत. कुटुंबासाठी सगळ्यात चांगला काळ.
- *नोव्हेंबर ते फेब्रुवारी:* धबधबे बारीक, पण दऱ्या आणि समुद्राची रेघ दिसते. पक्षी बघणाऱ्यांसाठी उत्तम.
- *मार्च ते मे:* किनारा तापलेला असताना वर सकाळ-संध्याकाळ गारवा. धबधब्याची अपेक्षा ठेवू नका.

सोबत काय घ्यायचं?

छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. चांगली पकड असलेले बूट, सुक्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल, थोडी रोख रक्कम, आणि कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी. पावसाळ्यात जळवा लागतात. ओढून काढू नका, नखाने हळूच बाजूला सारा किंवा चिमूटभर मीठ लावा. गाडी लागत असेल तर घाटाआधी पोटभर खाऊ नका.

लहान मुलं आणि ज्येष्ठांना घेऊन जाता येईल का?

हो. मुख्य धबधबा रस्त्यावरूनही दिसतो. कावळेसादला लहान मुलांचा हात सोडू नका. हिरण्यकेशीला ज्येष्ठांनी ओल्या फरशीवर जपून चालावं.

एका दिवसात सगळं होईल का?

नाही, आणि व्हायलाही नको. तीन ठिकाणं नीट बघा आणि उजेड असताना उतरा. घाट संपून दाणोली आली की काच खाली करा. उकाडा परत जाणवायला लागेल, माडाची झाडं दिसू लागतील, आणि तासाभरात पुन्हा समुद्र. वरचं पाणी मात्र तोवर दोन वेगवेगळ्या समुद्रांच्या वाटेला लागलेलं असेल.